‘रिकॉनॉशेरे’: ओळखणे, मानणे की मान्यता देणे?

दुभाषी
ज्यू पुढारी थिओडोर हर्झलच्या रोजनिशीतल्या एका वाक्यावर गाडी अडली आहे. २५ जानेवारी १९०४ रोजी तो व्हॅटिकनमध्ये पोप दहावे पायस यांना भेटला. ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये वसवण्याच्या चळवळीला पोपनी अनुकूल व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं. रोजनिशी जर्मनमध्ये आहे, पण पोपचं उत्तर त्याने इटालियनमध्येच टिपलंय: ‘ल्यी एब्रेइ नॉन आन्नो रिकॉनॉश्शूतो नॉस्त्रो सिन्योरे, पेर्चो नॉन पोस्सियामो रिकॉनॉशेरे इल पोपोलो एब्रेओ.’

‘पेर्चो’ म्हणजे ‘म्हणून’. त्याच्या अलीकडे-पलीकडे एकच क्रियापद, रिकॉनॉशेरे. अलीकडे अर्थ श्रद्धेचा, पलीकडे राजकारणाचा, आणि सगळा युक्तिवाद त्या पुनरुक्तीवर उभा. आधी ‘ओळखलं नाही’ आणि नंतर ‘मान्यता देऊ शकत नाही’ असं लिहिलं की ‘म्हणून’ लोंबकळतो. दोन्हीकडे चालेल असं एकच मराठी क्रियापद हवंय. तळटीप देता येणार नाही.

कानामात्रा
‘मानणे’. ‘ज्यूंनी आमच्या प्रभूला मानलं नाही, म्हणून आम्ही ज्यूंना मानू शकत नाही.’ झालं.

रानवारा
झालं कुठे? ‘देव मानणे’ आणि ‘माणसाला मानणे’ यांत फरक आहे. ‘त्या वैद्याला अख्खा गाव मानतो’ म्हणजे आदर करतो. तुमच्या वाक्याचा उत्तरार्ध ‘आमच्या लेखी त्यांना किंमत नाही’ असा वाचला जाईल. पोप तसं बोललेले नाहीत. त्याआधीचं वाक्य बघा: ज्यूंना जेरुसलेमला जाण्यापासून आम्ही अडवू शकणार नाही, पण या चळवळीला पाठबळ कधीच देऊ शकत नाही. ‘इम्पेदीरे’ (अडवणे) आणि ‘फावोरीरे’ (पाठबळ देणे) अशी मोजूनमापून जोडी आहे ती. नकार ठाम आहे, पण अपमान नाही.

दुभाषी
‘मान्य करणे’ही करून पाहिलं. अट मान्य, मागणी मान्य, चूक मान्य; माणूस मान्य होत नाही. ‘प्रभूला मान्य केलं नाही’ कानाला खडा लागल्यासारखं होतं.

उत्तनकर
‘स्वीकारणे’ घ्या. योहानाच्या पहिल्या अध्यायात दोन्ही क्रिया शेजारीशेजारी आहेत: जगाने त्याला ओळखलं नाही (ओवी १०) आणि स्वकीयांनी त्याचा स्वीकार केला नाही (ओवी ११). लॅटिनमध्ये ‘कॉग्नोविट’ आणि ‘रेसेपेरुंट’. चर्चमधल्या मराठीला ‘स्वीकार’ नवा नाही.

लॅटिनवेडा
पूर्वार्धाला चालेल, उत्तरार्धाचा अर्थ मात्र उलटा होईल. त्याच भेटीत पोप पुढे म्हणतात की तुम्ही तिथे जाऊन वसलात, तर तुम्हा सर्वांना बाप्तिस्मा द्यायला आमची चर्चेस आणि धर्मगुरू तयार असतील. म्हणजे एकेका ज्यूला स्वीकारायला दार सताड उघडं आहे. नकार आहे तो ज्यू म्हणूनच राहणाऱ्या एका समूहाला. ‘स्वीकारू शकत नाही’ लिहिलंत तर नेमकं हेच पुसलं जाईल.

आणि ‘पोपोलो’चा, म्हणजे लोक किंवा समाज या शब्दाचा, गुंता वेगळाच. तो एकवचनी आहे. मराठीत ‘ज्यू लोक’ म्हटलं की दहा-वीस, लाख-दोन लाख माणसं डोळ्यांपुढे येतात, एक अखंड समाज येत नाही. ‘राष्ट्र’ लिहावं तर १९०४ मध्येच १९४८ चा, इस्रायलच्या स्थापनेचा वास येतो. बायबलमध्ये ‘प्रजा’ आहे, ‘देवाची प्रजा’ या अर्थी, पण पोपच्या तोंडी तो घातला तर ज्या गोष्टीला ते नकार देताहेत तीच त्यांनी कबूल केल्यासारखी होईल.

शेरेबहाद्दर
मूळ चूक कुणालाच दिसत नाही? ‘ज्यू’ कशाला? आपल्याकडे ‘यहुदी’ हा सरळ शब्द असताना इंग्रजीचं उष्टं कशासाठी?

कानामात्रा
‘यहुदी’ तरी कुठे घरचा? तोही अरबी-फारसीतून आलेला. शुद्धच हवं असेल तर हिब्रूतलं ‘येहुदी’ लिहा आणि वाचक हुडकत बसा.

उत्तनकर
उगमापेक्षा इथे कान महत्त्वाचा. ख्रिस्ती वाचकाला ‘यहूदी’ हा शब्द गुड फ्रायडेच्या वाचनातून भेटतो. त्या दिवशी योहानाचं दुःखसहन वाचतात. क्रुसावरचा फलकही ‘यहूद्यांचा राजा’. योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्द सत्तरच्या आसपास वेळा येतो, आणि बरेचदा विरोधकांसाठी. त्यामुळे त्याच्यामागे ‘क्रुसावर खिळा’ म्हणणारा जमाव आपोआप उभा राहतो. ‘ज्यू’ वर्तमानपत्रातून आला, त्याला ते ओझं नाही. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नॉस्त्रा एताते’ या जाहीरनाम्याच्या चौथ्या परिच्छेदात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नेमकं हेच उचलून धरलं: येशूच्या यातनांत जे घडलं त्याचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या ज्यूंवरही नाही. २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झालं ते.

म्हणून नव्या करारातले ते ‘यहूदी’, आजचे ते ‘ज्यू’, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

रानवारा
सोयीची आहे, पण निरुपद्रवी नाही. दोन शब्द वापरले की दोन वेगळ्या जमाती असल्यासारखं वाटतं. जुने संपले आणि आजचे कुणीतरी दुसरेच. ‘चर्चने त्यांची जागा घेतली’ हा जुना समज याच वाटेने आत शिरतो. १७ नोव्हेंबर १९८० रोजी जर्मनीतल्या माइंत्समध्ये पोप दुसरे जॉन पॉल देवाने ज्यूंशी केलेल्या जुन्या कराराला ‘देवाने कधीही रद्द न केलेला’ म्हणाले. ज्यांच्याशी केलेला करार रद्द नाही, त्यांचं नाव मात्र मध्येच बदलायचं?

शेरेबहाद्दर
‘करार’ हा तरी काय शब्द! भाड्याच्या घरासारखा. अकरा महिन्यांचा आणि नोटरीकडे नोंदवलेला.

कानामात्रा
मग कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचं काय करायचं? ते स्वतःला ना ज्यू म्हणत ना यहुदी, ‘इस्रायल’ म्हणत. गावाच्या तोंडी शनवार तेली, कारण शनिवारी घाणा बंद. ज्यूंच्या ज्या प्रार्थनाघराला बायबलचं मराठी ‘सभास्थान’ म्हणतं त्याला ते बिनदिक्कत ‘मशीद’ म्हणत आले. मुंबईतलं १७९६ चं शाआर हाराहामिम म्हणजे ‘जुनी मशीद’. मराठी शब्द पाहिजे तर तो हा घ्या. १३ एप्रिल १९८६ ला पोप रोमच्या ज्यू प्रार्थनाघरात गेले होते; ते ‘मशिदीत गेले’ असं लिहून बघा काय होतं ते.

दुभाषी
अहो, माझं वाक्य!

आणि जाता जाता: हर्झलच्या चळवळीला झायोनिझम, झायोनवाद की सियोनवाद?

लॅटिनवेडा
मराठी बायबलमध्ये जेरुसलेमच्या टेकडीचं नाव ‘सीयोन’ आहे, तेव्हा ‘सीयोनवाद’ तर्काला धरून आहे, पण वाचक ठेचकाळतो. ‘झ’ हा इंग्रजी उच्चाराचा. हर्झल जर्मनमध्ये ‘त्सिओनिस्मुस’ म्हणायचा, आणि १८९० मध्ये ही संज्ञा पहिल्यांदा वापरणारा नाथान बिर्नबाउमही. हिब्रूतही ‘त्स’च आहे. गंमत अशी की ‘चमचा’, ‘चाक’ यांतला दंत्य च जवळपास तोच, पण पुढे ‘इ’ आली की आपला च तालव्य होतो, त्यामुळे ‘चियोन’ लिहून भागत नाही. रुळलेला ‘झायोनिझम’ ठेवा.

आता वाक्याकडे. मला वाटतं हे ‘रिकॉनॉशेरे’ हवेतून आलेलं नाही. गुड फ्रायडेला चर्चमध्ये ज्यूंसाठी जी लॅटिन प्रार्थना होती तिच्यात देवाने त्यांच्या हृदयांवरचा पडदा दूर करावा, ‘उत एत इप्सी आग्नोस्कांत येसुम क्रिस्तुम’, म्हणजे त्यांनीही येशू ख्रिस्ताला… इथे पुन्हा तेच, ओळखावं की मानावं? पायसनी ही प्रार्थना धर्मगुरू म्हणून दर वर्षी म्हटलेली. ‘आग्नोस्केरे’ जिभेवर बसलेलं असणार.

कानामात्रा
त्याच प्रार्थनेत ‘प्रो परफिडिस युदेइस’ होतं ना? ‘विश्वासघातकी ज्यूंसाठी’?

लॅटिनवेडा
हो, आणि भांडण त्यावरच झालं. ‘फिदेस’ म्हणजे श्रद्धा, विश्वास, इमान. अभिजात लॅटिनमध्ये ‘परफिदुस’ म्हणजे दगाबाज. चर्चच्या लॅटिनमध्ये ‘श्रद्धा नसलेला’ असाही अर्थ रुळला. १९२८ मध्ये ‘आमिची इस्राएल’ या धर्मगुरूंच्या संघटनेने तो शब्द काढा म्हणून अर्ज केला, तर २५ मार्चला संघटनाच बरखास्त झाली. मात्र त्याच हुकमात ज्यूद्वेषाचा निषेधही होता. १९४८ मध्ये रोमने एवढंच सांगितलं की देशी भाषांत ‘श्रद्धा नसलेले’ अशा अर्थाचे शब्द वापरायला हरकत नाही. लॅटिनमधून शब्द गेला तो १९५९ च्या गुड फ्रायडेला, पोप तेविसावे जॉन यांच्या सांगण्यावरून.

रानवारा
मराठीत याला हुबेहूब जोड आहे: बेइमान. फोड केली तर ‘इमान नसलेला’, वापरात दगाबाज. ‘मूळ अर्थ बघा, शिवी नाही’ असं म्हणणाऱ्याला शेजाऱ्याला बेइमान म्हणून बघायला सांगा.

उत्तनकर
‘आग्नोस्कांत’चं पुढे काय झालं तेही सांगा. १९७० च्या प्रार्थनाग्रंथात ते नाही. तिथे देवाचं वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांनी त्याच्या नावाच्या प्रेमात आणि कराराशी निष्ठेत वाढावं, अशी प्रार्थना आहे. पण १९६२ चा जुना लॅटिन ग्रंथ वापरणाऱ्यांसाठी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये नवा मजकूर दिला, आणि त्यात ‘आग्नोस्कांत’ आहेच.

कानामात्रा
मग ‘ओळख देणे’ का नको? रस्त्यात दिसला पण त्याने ओळख दिली नाही. दोन्हीकडे बसतं: ‘ज्यूंनी आमच्या प्रभूला ओळख दिली नाही, म्हणून आम्ही ज्यू समाजाला ओळख देऊ शकत नाही.’

लॅटिनवेडा
कानाला फार छान. अर्थाला फार जड. ओळख न देणारा ओळखत असतो, मुद्दाम नजर चुकवतो. पूर्वार्धात तो आरोप होतो. धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसने हाच प्रश्न घेतलाय (‘सुम्मा’, तिसरा भाग, प्रश्न ४७, कलम ५): ज्यू पुढाऱ्यांचं अज्ञान हे ओढूनताणून पत्करलेलं अज्ञान होतं, म्हणून त्यांना सुटका नाही. उलट प्रेषितांची कृत्ये ३:१७ मध्ये येशूचा शिष्य पेत्र सरळ म्हणतो की तुम्ही अज्ञानाने केलंत, तुमच्या अधिकाऱ्यांनीही. ‘ओळखलं नाही’ म्हटलं तर तुम्ही पेत्राच्या बाजूला, ‘ओळख दिली नाही’ म्हटलं तर अक्वायनसच्या. दहावे पायस कुठे उभे होते ते एका क्रियापदावरून ठरत नाही.

रानवारा
उत्तरार्धही लंगडा आहे. आजचा वाचक ‘ओळख देणे’ म्हणजे अस्मिता बहाल करणे असं वाचतो, ‘या गावाला हापूसने ओळख दिली’ तसं. इथे ‘मान्यता’च हवी. १९८५ च्या व्हॅटिकनच्या ज्यूंविषयीच्या टिपणातही इस्रायल राज्याकडे धर्माच्या नव्हे, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांच्या चौकटीतून पाहा, असं म्हटलंय. म्हणजे १९०४ ला पोपनी एका क्रियापदात बांधलेल्या दोन गोष्टी व्हॅटिकनने स्वतःच सुट्या केल्या. व्हॅटिकन आणि इस्रायल यांच्यातल्या ३० डिसेंबर १९९३ च्या करारातही इस्रायल राज्य एकीकडे आणि कॅथलिक चर्चचं ज्यू समाजाशी असलेलं वेगळं नातं दुसरीकडे. तुम्हीही सुट्या करा.

दुभाषी
पण मला १९०४ चं वाक्य लिहायचंय, ८९ वर्षांनंतरचं नव्हे. त्यातली गाठ सोडवली तर ते वाक्यच उरत नाही.

शेरेबहाद्दर
शीर्षकातही ‘रिकॉनॉशेरे’च ठेवा, मराठी मेलीच आहे.

उत्तनकर
त्याच परिच्छेदात अजून एक खुंटी आहे, दुभाषी. पोपनी येशूचं नाव घेतलं तिथे हर्झलने कंसात लिहिलंय की ते इटालियन ‘जेझू’ म्हणाले नाहीत, व्हेनिसच्या लोकांसारखं ‘येसू’ म्हणाले. पायस आधी व्हेनिसचे पेट्रिआर्क (तिथले प्रमुख बिशप) होते, म्हणून. मराठीत आपण मुळातच ‘येशू’ म्हणतो, तेव्हा तो कंस वाचून कुणाला काय कळणार? तळटीप तर तुम्हाला चालत नाही.