दुसऱ्याच्या यादवीत बाहेरचं सैन्य : सुदानच्या निमित्ताने

तलावपाळीकर (ठाणे)
दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतातलं अल फाशर शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. तेव्हापासून 'जगाने सैन्य पाठवून हे थांबवायला नको का?' असं अधूनमधून कानावर येतं. माझं मत : नको.

१५ एप्रिल २०२३ पासून तिथे जनरल बुऱ्हान यांचं सरकारी लष्कर आणि हेमेदती यांची आरएसएफ एकमेकांशी लढताहेत. दोघांनाही वाटतं की जिंकू. आता बाहेरच्या सैन्याचा हिशोब मांडा. माणसं आणि सामान पोर्ट सुदानला उतरणार. तिथून अल फाशर हजार किलोमीटरच्या वर. वाटेतला मुलूख कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. जून ते सप्टेंबर पावसात ओढे भरले की ट्रक जागच्या जागी रुततात. दारफुर महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. तिथे यापूर्वी संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिकन युनियनची 'युनामिड' ही शांतिसेना होती, मंजूर संख्या पोलीस धरून २६ हजारांच्या घरात. तेरा वर्षं राहून ३१ डिसेंबर २०२० ला तिने काम थांबवलं आणि लोकांच्या रक्षणाची जबाबदारी सुदान सरकारवर सोपवली. आज त्याच सरकारची दोन शकलं एकमेकांवर तोफा डागताहेत.

सैन्य जाईल हो. ते आल्यावर राज्य कुणाचं, आणि परत कधी यायचं, हे ठरवल्याशिवाय पाठवणं म्हणजे जवानांना ओलीस ठेवणं.

सीवूड्सची (नवी मुंबई)
पूर्ण असहमत. न जाणं हाही निर्णयच असतो, आणि त्याचेही मुडदे मोजावे लागतात.

रवांडा, १९९४. तुत्सींची कत्तल सुरू झाली. ७ एप्रिलला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी काढून घेतली. शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर ५,००० माणसं मागत होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला उलट करून अडीच हजारांचं दल २७० वर आणायचं ठरवलं. तीन महिन्यांत सुमारे ८ लाख माणसं कापली गेली, पुष्कळशी कोयत्यांनी. त्यासमोर रणगाडे लागत नाहीत. दालेर यांच्याकडे उरलेल्या काहीशे सैनिकांनी किगालीच्या स्टेडियममध्ये हजारो लोक वाचवलेच की.

मे महिन्यात परिषदेला जाग आली, ५,५०० माणसं मंजूर झाली. चिलखती गाड्या अमेरिकेकडून भाड्याने घ्यायच्या होत्या, तर भाडं किती आणि वाहतूक कुणी करायची यावर घासाघीस. गाड्या युगांडात पोचेपर्यंत जून संपत आला. बैल गेला नि झोपा केला. 'यांना मारा' म्हणून नावं वाचणारा रेडिओ विमानातून जॅम करता आला असता. पेंटागॉनने खर्च काढला, तासाला साधारण ८,५०० डॉलर, आणि परवडत नाही म्हणून सोडून दिलं.

तलावपाळीकर
रवांडाची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. जूनमध्ये फ्रान्स अडीच हजार सैनिक घेऊन गेला होता, 'ऑपरेशन टर्क्वाझ'. नैऋत्येला सुरक्षित पट्टा आखला. माणसं वाचली, नाकारत नाही. पण त्याच पट्ट्यातून मारेकरी झैरमध्ये (आजचा काँगो) निसटले, निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी पुन्हा टोळ्या बांधल्या आणि १९९६ पासून काँगोची युद्धं पेटली. ती आग अजून विझलेली नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं नव्हे. बंब बरोबर जागी आला, पण कुणाला बाहेर सोडायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं.

कळव्याचा
श्रीलंकेचं नाव अजून निघालं नाही याचं आश्चर्य वाटतं. निघालं तरी लोक 'आपली फजिती झाली' एवढ्यावर थांबतात. चूक नेमकी कुठे झाली ते बघा.

२९ जुलै १९८७ च्या करारावर सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या. लढत होती एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना, तिची सही नाही. म्हणजे शस्त्रं खाली ठेवायची तिसऱ्याने आणि जामीन आपण. त्यात १९८३ पासून याच पोरांना आपल्याकडे प्रशिक्षण मिळालेलं, त्यामुळे 'ती आपलं ऐकतील' हा भ्रम. ऑगस्टमध्ये थोडी शस्त्रं जमा झाली, बहुतेक जुनीपानी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईचे १७ जण पकडले. कोलंबोला ते चौकशीसाठी हवे होते, एलटीटीईला सुटका हवी होती, आणि ते होते जाफनाजवळच्या पलाली तळावर, जिथे आपलं सैन्यही होतं. ५ तारखेला त्यांनी सायनाइड खाल्लं, १२ मेले. त्या आठवड्यात आपण मध्यस्थाचे शत्रू झालो. आधी जी फौज गेली ती शांतता राखायला, त्या बेताच्या सामानाने. तिलाच आता शहर जिंकायचा हुकूम. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. समोरचे तयारीत बसलेले. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या, पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान एकटे पडले. २९ गेले, एक कैद झाला.

पुढची अडीच वर्षं सुरुंग आणि छापे. सैन्य ७० हजारांच्या वर गेलं, सुमारे १,२०० जवान गमावले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शौर्यात कुठे खोट नव्हती. पण आपण उत्तरेत गेलो म्हणून दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या संघटनेने सिंहली उठाव पेटवला, म्हणजे एक यादवी विझवायला जाऊन दुसरी. मग प्रेमदासा अध्यक्ष झाले. त्यांनी आपल्याला 'निघा' म्हटलं आणि आपल्याविरुद्ध लढायला एलटीटीईलाच शस्त्रं दिली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासच्या बंदरात मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आलेसुद्धा नाहीत.

ज्याने बोलावलं त्याचं सरकार बदललं की तुमची सनद संपली. हा धोका यजमान सरकारच्या भरवशावर जाणाऱ्या कुठल्याही सैन्याला आहे.

घणसोलीकर
कळव्याचे दादा, सगळं मान्य. पण याच न्यायाने १९७१ कुठे बसवणार? पूर्व पाकिस्तानातली लढाई कायद्याने अंतर्गतच होती. ७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव केला. जगाचं ऐकलं असतं तर?

तिथे यश मिळालं ते तयारीमुळे. मार्चमध्ये कत्तल सुरू झाली, पण आपण लगेच घुसलो नाही. १७ एप्रिलला बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली, म्हणजे 'नंतर कोण' याचं उत्तर आधी तयार. मुक्तिवाहिनीला महिनोन्‌महिने शिकवलं. ९ ऑगस्टला सोव्हिएत करार केला, त्यामुळे सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाठीशी. पावसाळा संपू दिला, नद्या उतरल्या. उत्तरेच्या खिंडींत बर्फ पडल्यावर चीनची भीती कमी झाली. मग तेरा दिवस. १२ मार्च १९७२ ला ढाक्यात निरोपाचं संचलन, सैन्य परत. हस्तक्षेप असाही होतो.

तलावपाळीकर
म्हणूनच ते एकमेव उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं! तीन बाजूंनी आपली सीमा, एक कोटी निर्वासित आपल्याच दारात, स्थानिक भाषा बोलणारं सैन्य सोबतीला, शत्रूची रसद श्रीलंकेला वळसा घालून. यातलं दारफुरला काय लागू होतं? शिवाय तुमच्याच हिशोबाने कत्तल सुरू झाल्यावर आठ महिने थांबावं लागलं. 'लगेच सैन्य पाठवा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सीवूड्सची
एकमेव कसं? सिएरा लिओन, मे २०००. आरयूएफ या बंडखोर टोळीने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे शेकडो जण ओलीस धरले होते. ब्रिटिश आधी आपले नागरिक काढायला म्हणून आले, लुंगी विमानतळ धरला आणि राजधानी वाचली. जुलैत कैलाहुनला अडकलेल्या आपल्या दोनशेहून अधिक जवानांना 'ऑपरेशन खुकरी'ने बाहेर काढलं. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. देश लहान होता, सरकार निवडून आलेलं होतं आणि ते सैन्य मागत होतं. मी 'कुठेही जा' म्हणत नाही. अटी बघा, पण अटींच्या नावाखाली दार कायमचं बंद करू नका.

कोपरीचा
लिबिया राहिला. १७ मार्च २०११, सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३ : नागरिकांच्या रक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय'. भारतासह पाच देश तटस्थ राहिले. त्या तीन शब्दांत नाटोने सरकार उलथवणंही बसवलं. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मेला, पुढच्या वर्षी तिथल्या शस्त्रांनी माली पेटला. ठरावाची भाषा सैल ठेवली की हेच होणार. यावर वाद घालायला मला वेळ नाही, ऑफिसात आहे.

न्हावाशेवा-उरण
मंडळी, भूदल थोडं आणि भर वरून बाँब टाकण्यावर, असा यादवी जिंकण्याचा प्रयोगही झालाय. २६ मार्च २०१५ ला सौदी आघाडी येमेनमध्ये उतरली. राजधानी सनामधून हुथी बंडखोर काही हलले नाहीत. उलट त्या वर्षांत ते क्षेपणास्त्रं आणि ड्रोन चालवण्यात तयार झाले. नोव्हेंबर २०२३ पासून तीच हत्यारं तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर.

त्याचं बिल आपल्या बंदरावर फुटलं. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जाणारा कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागला की १० ते १४ दिवस जास्त. नाशिकच्या द्राक्षाच्या हे दिवस जिवावर बेततात : रीफर (थंड कंटेनर) तेवढे दिवस जादा विजेवर, देठ सुकतो, पोचल्यावर माल उतरत्या भावाने. जहाज सुएझनेच न्यायचं म्हटलं तर युद्धजोखमीचा विमा. आधी जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्क्याच्या आत असायचा, २०२४ च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्का झाला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे सात ते दहा लाख डॉलर. म्हणून 'ते तिकडचं भांडण' हे वाक्य आमच्याकडे कुणी बोलत नाही. मात्र यातून 'जा' निघतं की 'जाऊ नका', तुम्हीच ठरवा. मला तर वाटतं अर्धवट जाणं सगळ्यात महाग पडतं.

सीवूड्सची
मग सैन्याच्या आधीच्या पायरीवर बोलू. सुदानवर शस्त्रबंदी आहे, २००४-०५ च्या ठरावांची. पण ती फक्त दारफुरपुरती! उरलेल्या देशात विमानाने शस्त्रं उतरवायला या बंदीची आडकाठीच नाही. उतरल्यावर ट्रकने दारफुरला न्यायला कितीसा वेळ लागतो? बंदी सबंध देशाला लावा. यात एकही जवान पाठवावा लागत नाही.

तलावपाळीकर
याला माझा विरोध नाही. फक्त एक : बंदी कागदावरच राहू नये तर धावपट्ट्यांवर आणि शेजारच्या चाडच्या सीमेवर खोकी उघडून बघणारी माणसं लागतील, आणि त्यांच्यावर गोळी झाडली गेली तर त्यांना संरक्षण लागेल.

सीवूड्सची
संरक्षण कुणाचं, काका? आलात ना सैन्यावरच.

तलावपाळीकर
सीमेवर तपासणी करणारी एक बटालियन आणि अल फाशर परत जिंकायला जाणारं सैन्य, यांत फरक आहे. पहिल्याला माझी हरकत नाही. चाडने लेखी परवानगी दिली तर.

कळव्याचा
आणि चाडचं सरकार बदललं तर?