मदत हवी आहे: ‘होलनेस’ला मराठी शब्द

नमस्कार मंडळी. कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि ‘होलनेस’पाशी (इंग्रजी wholeness) अडलेय. ‘होल’ जुन्या इंग्रजीत ‘हाल’ होता, म्हणजे धडधाकट, न दुखावलेला. ‘हील’, ‘हेल्थ’, अगदी ‘होली’ (holy, म्हणजे पवित्र) हासुद्धा त्याच कुळातले. सुरुवातीचा डब्ल्यू १५व्या-१६व्या शतकात मागाहून चिकटला. ‘पूर्णत्व’ लिहिलं तर अध्यात्म वाटतं, ‘संपूर्णता’ कोरडं. काल पूजेसाठी तांदूळ निवडताना कण्या बाजूला काढत होते, तेव्हा ‘अक्षत’ आठवला: न मोडलेला दाणा आणि जखम न झालेला माणूस, दोन्ही. किती जवळचा! पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तो बोचेल ना? रोजच्या बोलण्यातला, मायेचा शब्द कुणाला सुचतोय का?