बीएड-डीएड काही नाही, मुलीला घरी शिकवतेय, सासूबाईंना कसं पटवू?

डॅलसची_सून:
सलाम सगळ्यांना. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आता टेक्सासला. लेकीला यंदा शाळेतून काढून घरीच शिकवतोय, रोज सकाळी प्रार्थना, बायबलमधला शास्त्रपाठ आणि मग गणित-वाचन. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात (६:७) मुलांना घरी-दारी शिकवा म्हटलंय ते आम्ही मनापासून मानतो. पण सासूबाई झेडपी शाळेत शिक्षिका होत्या, दर फोनला एकच, "अगं तू बीकॉम, पोरीचं नुकसान होईल." त्यांना दुखवायचं नाहीये, पण सांगू काय?

ह्यूस्टनवाला:
कायद्याचं टेन्शन घेऊ नका, १९९४ ला टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने लीपर केसमध्ये होमस्कूलला प्रायव्हेट स्कूलच मानलंय. पालकांना सर्टिफिकेट लागत नाही, फक्त वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे विषय खरोखर शिकवले पाहिजेत. आणि तुमच्यासमोर एकच मूल आहे, भागाकार अडला तर आठवडाभर तिथंच थांबा ना, वर्गातल्या बाईंना ते जमत नाही.

पाठटाचण:
ताई, मी पण झेडपीत शिकवलंय, म्हणून सासूबाईंची काळजी मला कळते. ट्रेनिंग म्हणजे नुसता वर्ग सांभाळणं नव्हे, मूल का चुकलं ते ओळखणं. हातचा विसरणं वेगळं आणि दशक-एकक कळलेलंच नसणं वेगळं, उत्तर दोन्हीकडे चुकतं पण उपाय एक नाही. आणि वरची यादी बघा, त्यात विज्ञान नाहीच! म्हणजे कायदा विचारणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल. उत्क्रांतीचा धडा गाळू नका, तुमची श्रद्धा काय ते सांगा पण शास्त्रज्ञ काय म्हणतात तेही पोरीला नीट कळू दे, पुढे कॉलेजात बायोलॉजी घ्यायची झाली तर अडेल. सासूबाईंना वाद घालून पटवण्यापेक्षा वह्यांचे फोटो पाठवा, आणि गणिताचा एखादा तास व्हिडिओ कॉलवर त्यांनाच घेऊ दे.

पिट्सबर्गकर:
आमच्या पेन्सिल्वेनियात शिकवणाऱ्या पालकाला किमान हायस्कूल डिप्लोमा लागतो, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवायची, पात्र शिक्षक वगैरे कुणी इव्हॅल्युएटर (तपासनीस) म्हणून ती तपासून मुलाशी बोलतो, तिसरी-पाचवी-आठवीला टेस्ट पण असते. टेक्सासला सक्ती नाही तरी तुम्ही आपणहून करा, बाहेरच्या माणसाने तपासलेलं असलं की घरच्यांचा विश्वास बसतो.

डॅलसची_सून:
विज्ञानाचं मी खरंच मागे टाकत होते, आमच्या को-ऑपमध्ये (घरी शिकवणाऱ्या पालकांचा गट) एक केमिस्ट ताई आहेत त्यांना विचारते. गणिताचं आईंना आजच फोनवर सांगते, तिकडची रात्र आणि इकडची सकाळ, वेळ जमेल.