विद्यार्थ्यांची 'कर्जमाफी': एका शब्दाखाली किती गोष्टी?

प्रश्न: अमेरिकेतल्या शैक्षणिक कर्जांवर मराठीत लेख लिहिते आहे. तिकडे 'फरगिव्हनेस', 'कॅन्सलेशन', 'डिस्चार्ज', 'रिलीफ' असे शब्द सर्रास वापरतात. आपली वर्तमानपत्रं सरसकट 'कर्जमाफी' लिहितात. तेवढं चालेल का? आणि डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष एकमेकांना खोटारडे म्हणतात, ते लिहिताना माझाच लेख एका बाजूला कलू नये यासाठी कोणते शब्द घ्यावेत?

उत्तर: ताई, सरसकट 'कर्जमाफी' लिहू नका. शब्द चुकीचा नाही, पण तिथे निदान चार वेगळ्या गोष्टी घडल्या आणि भांडणातला बराच गोंधळ त्या एका पोत्यात कोंबल्यामुळे झाला.

पहिली गोष्ट स्थगिती. मार्च 2020 मध्ये, ट्रम्प यांच्या काळात, केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जांचे हप्ते आणि व्याज थांबवलं गेलं. पुढे बायडन यांनीही मुदत वाढवत नेली आणि 2023 च्या शरदात हप्ते पुन्हा सुरू झाले. मुद्दल तसंच राहिलं. याला माफी म्हणणं सरळ चूक.

दुसरी, करारानुसार मिळणारी सूट. 2007 च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत 120 हप्ते भरणाऱ्याची उरलेली बाकी सोडून दिली जाते. योजनेच्या नावात 'फरगिव्हनेस' आहे, पण कायद्याच्या मजकुरात क्रियापद आहे 'कॅन्सल', म्हणजे बाकी रद्द करणे. दहा वर्षं अट पाळून मिळालेल्या गोष्टीला मी तरी 'माफी' म्हणणार नाही. 'उर्वरित कर्ज रद्द' म्हणेन.

तिसरी, फसवणुकीमुळे झालेली मुक्तता. कोरिंथियन कॉलेजेस ही नफ्यासाठी चालणारी साखळी 2015 मध्ये कोसळली. विद्यार्थ्यांना नोकऱ्यांचे फुगवलेले आकडे दाखवून भरती केलं होतं. जून 2022 मध्ये सुमारे 5,60,000 जणांचं 580 कोटी डॉलरचं कर्ज काढून टाकलं गेलं. इथे शब्द 'डिस्चार्ज'. 'कर्जातून मुक्तता' लिहा, कृपा करून 'माफी' लिहू नका. फसवली गेलेली मुलगी कोणाकडे आणि कशाची माफी मागणार?

आणि चौथी, जिच्यावरून खरं रण पेटलं: ऑगस्ट 2022 ची बायडन यांची घोषणा. वर्षाला 1,25,000 डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या व्यक्तीचं 10,000 डॉलरपर्यंत, आणि पेल अनुदान (गरीब घरच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी मदत) मिळालेल्यांचं 20,000 डॉलरपर्यंत कर्ज उतरणार होतं. हिला 'कर्जमाफी' म्हणा, हरकत नाही.

दुसरं मत: 'माफी'त अपराध असतो हे मला पटत नाही. आपल्याकडे सारामाफी होते, फीमाफी होते, त्यात शेतकरी किंवा विद्यार्थी गुन्हेगार ठरत नाही. मराठी 'माफ' हा 'घेणं सोडून दिलं' एवढाच व्यवहारी शब्द आहे.

उत्तर: सारामाफीचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य. पण कर्जाच्या बाबतीत आपल्यालाही तो शब्द टोचलाच की. 'कर्जमाफी नको, कर्जमुक्ती हवी' ही मागणी महाराष्ट्रात गाजली आणि 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती'च आली. कारण सारा सरकार आकारतं, कर्ज मात्र माणूस सही करून घेतो. 'माफ' म्हटलं की त्या सहीकडे बोट जातं. अमेरिकेत 'रद्द' मागणारे आणि 'इतरांच्या माथी मारलं' म्हणणारे याच बोटावरून भांडत होते.

सर्वोच्च न्यायालयातला वाद तर उघडउघड शब्दचर्चाच होता. 2003 च्या एका कायद्याने राष्ट्रीय आणीबाणीत शिक्षणमंत्र्याला विद्यार्थी-साहाय्याच्या तरतुदी 'वेव्ह ऑर मॉडिफाय' (सोडून देणं किंवा बदलणं) करण्याचा अधिकार दिला आहे. कर्म कोणतं ते पाहा: तरतुदी. कर्ज नव्हे. याच कायद्यावर बेतलेली बायडन यांची योजना 30 जून 2023 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की 'मॉडिफाय' म्हणजे थोडाफार फेरबदल. या योजनेला फेरबदल म्हणायचं तर फ्रेंच राज्यक्रांतीने तिथल्या सरदारांच्या दर्जात 'फेरबदल' केला असं म्हणावं लागेल, हे न्यायालयाच्या जुन्या निकालातलं वाक्य त्यांनी उद्धृत केलं. न्यायमूर्ती केगन यांनी उलट बाजू मांडली: दोन क्रियापदं जोडून आली आहेत, एक पूर्ण सोडून देण्याचं, दुसरं थोडं बदलण्याचं, मग मधलं सगळं त्यात येतंच. मला केगन यांचं व्याकरण जास्त पटतं. पण सुमारे 40,000 कोटी डॉलरचा खर्च (काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज) काँग्रेसच्या मताशिवाय व्हावा का, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही, हेही तितकंच खरं.

प्रश्न: आणि खोटेपणाचं काय?

उत्तर: मराठीत एक फार उपयोगी भेद आहे, तो सोडू नका. 'विधान खोटं आहे' आणि 'ते खोटं बोलले'. पहिल्यात वाक्य तपासलेलं असतं, दुसऱ्यात मन. ऑक्टोबर 2022 मध्ये बायडन म्हणाले की ही योजना आपण एक-दोन मतांनी मंजूर करून घेतली. काँग्रेसमध्ये त्या योजनेवर मतदान झालंच नव्हतं. विधान खोटं, हे निःसंकोच लिहा. त्यांनी जाणूनबुजून थाप मारली का, ते पुरावा असेल तरच लिहा.

सर्वांत अवघड असतं ते 'नरो वा कुंजरो वा'. फेब्रुवारी 2024 मध्ये बायडन म्हणाले, न्यायालयाने अडवलं पण त्यामुळे मी थांबलो नाही. विरोधकांनी लगेच 'न्यायालयाचा आदेश धुडकावला' म्हणून बोंब ठोकली. वस्तुस्थिती अशी की नंतरची सूट मुख्यतः इतर, आधीपासून असलेल्या कायद्यांखाली दिली गेली. अडवलेली योजना परत आणलेली नव्हती. बढाईने गैरसमज पेरला, आरोपाने त्याला पाणी घातलं. इथे 'दिशाभूल' हा शब्द दोघांनाही लागू पडतो.

शब्द फिरवण्याचं उदाहरण हवं असेल तर बायडन यांच्याच पक्षाच्या, प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी घ्या. जुलै 2021 मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्ष हप्ते पुढे ढकलू शकतात, माफ करू शकत नाहीत, त्याला काँग्रेसचा कायदा लागतो. वर्षभराने त्यांनीच घोषणेचं स्वागत केलं. रॉबर्ट्स यांनी ते जुनं वाक्य निकालात घेतलं. दुसऱ्या बाजूला, करोनाकाळात धंद्यांना दिलेली पगार-संरक्षण कर्जं सोडून देण्यात आली, ती घेणारे काही रिपब्लिकन खासदार विद्यार्थ्यांच्या कर्जसवलतीवर तुटून पडले. त्यांचा बचाव असा की तिथे सूट मूळ कायद्यातच लिहिलेली होती. बचाव खरा आहे. पण मग 120 हप्त्यांची सूटही कायद्यातच लिहिलेली आहे, तिच्याविरुद्ध 'करदात्यांच्या पैशावर डल्ला' ही भाषा का? हा प्रश्न तुमच्या लेखात यायलाच हवा असं मला वाटतं.

प्रश्न: 'फॅक्ट'साठी 'तथ्य' वापरू का?

उत्तर: 'त्याच्या बोलण्यात तथ्य नाही' ही आपली जुनी वापरण्याची पद्धत, तिथे 'तथ्य' म्हणजे खरेपणा, दम. 'तथ्ये' असं अनेकवचन करून तो शब्द मोजायच्या वस्तूसारखा वापरला की वाक्य परकं वाटतं. 'वस्तुस्थिती' घ्या. 'पार्टिझन'साठी 'पक्षपाती' नको, त्यात दोष आधीच ठरवलेला असतो. 'पक्षनिष्ठ' किंवा नुसतं 'पक्षीय' बरं.

आणि लेखात एक ओळ नक्की टाका, मराठी घरांत यावरून फुकट आशा निर्माण झाली होती म्हणून: एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर गेलेल्या मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळतच नाही. पुण्या-नाशिकच्या बँकेतून काढलेल्या कर्जाला वरच्या चारपैकी एकही गोष्ट लागू नाही.