मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतलं न पडलेलं चितळ

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी शिकारी नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कोणी असूही नये. प्रश्न एका जुन्या वहीचा आहे.

माझे आजोबा (आईचे वडील, नागपुरात महालात राहायचे) परमिट काढून देवलापारकडच्या शूटिंग ब्लॉकमध्ये जायचे. त्यांची 1957 ते 1963 ची वही टाइप करून मामेभावंडांसाठी छापतोय. वही मजेशीर आहे, शिकारीच्या दोन ओळी आणि डब्यातल्या भाकरी-ठेच्याच्या दहा. पण दोन नोंदींपाशी अडलोय.

पहिली: स्वतःची तीनशे पंधरा (.315) रायफल, गोळी सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाला शिसं उघडं, आदळल्यावर फुलून पसरणारी. चितळाचा नर, 80 पावलं, गोळी फऱ्याच्या मागे. "दहा पावलं गेला आणि बसला."

दुसरी, त्याच हिवाळ्यातली: मित्राची नवी टू-सेव्हन्टी (.270) रायफल, गोळी तीही सॉफ्ट नोज. चितळ जेमतेम 25 पावलांवर, गोळी थेट फऱ्याच्या हाडावर. जनावर पळालं. रात्रभर माग काढला, रक्त थेंब थेंब. सकाळी सापडलं तेव्हा "वर वाटीएवढी जखम, आत बोटभरही गेली नाही." खाली शेरा: "दारू शिळी" (म्हणजे काडतुसातली). त्यानंतर दीड महिना वही कोरी.

टू-सेव्हन्टी तर जास्त जोराची ना? इतक्या जवळून आणखी आत जायला हवी होती. आजोबांचं कारण खरं धरून तळटीप देऊ का? मोठे मामा म्हणतात नेमच चुकला असेल, पण त्या दोघांचं कधी पटलंच नाही.

जाता जाता: वहीसोबत डब्यात चार जिवंत काडतुसं निघाली, बुडावर 'केएफ' आहे. शोकेसमध्ये ठेवली तर चालतील?

रामटेकचा_पाहुणा: अजिबात नाही भाऊ! केएफ म्हणजे खडकीचा कारखाना, पण ते राहू द्या. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा शस्त्र कायदा 1959 खाली गुन्हा आहे. आजोबांचा परवाना तुमच्या कामाचा नाही. वकिलाला विचारा, लेखी अर्ज द्या, जमा करून पोच घ्या. आणि खिशात घेऊन ठाण्यात शिरू नका बाप्पा, आधी फोन करा.

शिसं_तांबं: मामा चुकले, आजोबाही चुकले. दारू शिळी असती तर वेग कमी पडला असता आणि ती गोळी उलट जास्त आत गेली असती. टू-सेव्हन्टीची 130 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला 3000 फुटांच्या वर सुटते. त्या काळच्या, शिशावर धातूचं पातळ कवच असलेल्या गोळ्या इतक्या जवळून हाडावर आदळल्या की फुटायच्या. शिसं कवचातून सुटून वरच्या मांसातच विखुरायचं. हीच गोळी दीडशे पावलांवर, बरगड्यांत लागली असती तर चितळ तिथंच बसलं असतं. तीनशे पंधराची गोळी जड, 244 ग्रेन, आणि बरीच संथ. ती फुलते पण वजन सोडत नाही. अमेरिकेत जॉन नोस्लर यांनी याच दुखण्यावर गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली आणि 1948 पासून त्या विकायला लागले. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत आत जातो. महालात त्या कुठून मिळणार म्हणा.

धागाकर्ता: वा! मग पूर्ण कवचाची सॉलिड का नाही वापरली?

शिसं_तांबं: ती चितळातून सुईसारखी आरपार जाते. छिद्र बारीक, जनावर मैलभर पळून झुडपात मरतं. म्हणून इंग्लंडात हरणासाठी फुलणारीच गोळी लागते, कायदाच आहे. गंमत अशी की युद्धात तीच गोळी 1899 च्या हेग जाहीरनाम्यानं बाद केली. तिचं नावही आपल्याकडचं, कलकत्त्याजवळच्या डमडमचं.

धागाकर्ता: आभार. "दारू शिळी" तसंच ठेवतो, खाली तुमचं कारण देतो. मामांना प्रत छापून झाल्यावरच दाखवेन. आता शेवटचं: आजोबा पाच फुटांच्या आतबाहेर होते. त्यांची 25 पावलं म्हणजे किती मीटर धरू?