तिबेरियसच्या दिनारावर मागे बसलेली बाई कोण?

मृण्मयी
मावशी जर्मनीत नर्स होती. निवृत्त होऊन परत आली तेव्हा तिने मला एक रोमन चांदीचं नाणं, म्हणजे दिनार, दिलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, सोनाराच्या काट्यावर 3.7 ग्रॅम भरलं. पुढे पानांचा मुकुट घातलेला माणूस. मागे खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात उभा दंड, दुसऱ्यात फांदी. चिठ्ठीवर फक्त 'तिबेरियस' लिहिलंय. बाई कोण? आणि कडेला भेग आहे, म्हणजे खोटं का?

जुनी टाकसाळ
भेगेला घाबरू नकोस. चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून हातोड्याने ठोकायचे, तेव्हा कड अशी फाटायची. ओतीव नकलेच्या कडेवर बहुधा साच्याच्या जोडाची रेघ असते, ती भिंगातून शोध. वजनही बसतंय: तेव्हा नाणं साधारण 3.9 ग्रॅमचं असायचं, बाकीचं झिजलं.

खरी गंमत लेखात आहे. डोक्याभोवती 'दिवि ऑग एफ' अशी अक्षरं सापडतील. त्यातल्या एकट्या 'एफ'चा अर्थ पुत्र. रोमन सम्राट ऑगस्टस इ.स. 14 मध्ये वारला आणि सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेने, त्याला देव ठरवलं. तिबेरियस त्याचा दत्तक मुलगा आणि पुढचा सम्राट, म्हणून नाण्यावर तो 'देव झालेल्या ऑगस्टसचा पुत्र'. बाजारात भाजी घेणाऱ्याच्या तळहातावरही हेच! मागे 'पोंतिफ माक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. बाईचं नाव मात्र कोरलेलं नाही. पुष्कळ जण तिला तिबेरियसची आई लिव्हिया मानतात, शांतिदेवतेच्या रूपात. मलाही तेच पटतं.

वसईकर
'कैसराचे ते कैसराला' (कैसर म्हणजे रोमन सम्राट) हे येशूचं वचन मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आलोय. सम्राटाला कर द्यावा का, असं विचारल्यावर येशूने मागून घेतलेलं नाणं हेच, असं बरेच संग्राहक धरून चालतात. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, सम्राटाचं नाव नाही, तरी हे नाणं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

जुनी टाकसाळ
आणि मृण्मयी, भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हा प्रकार फार मोठ्या संख्येने आहे, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने नाण्यातली चांदी घटवली. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी जुनी, चोख नाणीच पसंत केलेली दिसतात.

मृण्मयी
भिंग आणलं. जोडाची रेघ नाही. 'एफ' सापडला, अगदी 'ऑग'ला चिकटून. खुर्चीच्या पायांवर मण्यांसारखी नक्षीसुद्धा आहे, ती आधी दिसलीच नव्हती. मावशीला आत्ताच फोन करते.