जुन्या दफनभूमीत जिओकॅश लावावी का?

पायवाट:
जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसवरून शोधायच्या खेळात, दोनेक वर्षं दुसऱ्यांचे डबे शोधतोय, आता पहिल्यांदाच स्वतःचा लावायचाय. मनात एक जुनी दफनभूमी आहे, दीडशे वर्षांपूर्वीची थडगी, अक्षरं इतकी सुरेख कोरलेली की बघत राहावं, पण तिकडे कुणी फिरकतच नाही, लोकांनी यावं, दोन नावं वाचावीत एवढंच वाटतं. पण मागे अशाच ठिकाणी शोधताना मी वाकून एका थडग्यामागे हात घालून चाचपडत होतो आणि वळून बघतो तर एक आजी फुलं घेऊन उभ्या. काहीच बोलल्या नाहीत त्या. अजून आठवलं की कसंतरी होतं. माझ्या कॅशमुळे हे कुणाच्या वाट्याला यायला नको. बेतच सोडू का?

डोंगरकडा:
सोडू नका हो, फक्त डबा आत ठेवू नका. झाडांखाली जीपीएस सहज पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि तेवढ्या जागेत थडगी किती येतात मोजून बघा, मग शोधणारा प्रत्येक दगड चाचपणारच, त्याचा तरी काय दोष. मल्टी-कॅश करा, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायची कॅश. आत फक्त वाचायचं, समजा थडग्यावर साल १८४७ आहे तर ८४७ हे पुढच्या ठिकाणाच्या जीपीएस कोऑर्डिनेटचे शेवटचे तीन आकडे, आणि डबा कुंपणाबाहेर, लांब, जिथे कुणी वाकलं तरी कुणाला खटकणार नाही. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर लागतं तो नियम नुसत्या वाचायच्या टप्प्याला नाही, त्यामुळे ती अडचण नाही. मला तर हीच पद्धत जास्त आवडते, कारण माणूस खरंच थांबून वाचतो.

शिळा:
मी जुन्या थडग्यांवरचे लेख उतरवून घ्यायचं काम करते म्हणून कळकळीने सांगते, दगड नीट बघून निवडा. वाटेवरूनच वाचता येईल असा घ्या, म्हणजे कबरींवर पाय पडणार नाही. जुने उभे दगड वरून भक्कम दिसतात पण खालून सुटलेले असतात, हात टेकला तरी कलंडतात, आणि वजन इतकं की पाय चिरडेल. वालुकाश्माचे पापुद्रे तर बोट फिरवलं तरी निघतात, एकदा एका नावाचं अर्धं अक्षर माझ्यासमोर भुगा होऊन पडलं. अक्षर पुसट असेल तर लोक खडू फासतात, शेव्हिंग फोम लावतात, शेवाळ खरवडतात, हे कृपा करून नको, दगड कायमचा खराब होतो. लिस्टिंगमध्येच, म्हणजे कॅशच्या वेबपानावर, लिहा की आरशाने नाहीतर टॉर्चने बाजूने तिरपा उजेड पाडा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. आणि जिथे अजून घरची माणसं येतात असं थडगं कोड्यात घेऊच नका.

डोंगरकडा:
हे बरं सांगितलंत. अजून एक, देखभाल जे बघतात त्यांची परवानगी आधी घ्या, कॅश तपासून मंजूर करणारा रिव्ह्यूअर विचारतोच. फक्त दिवसा असं टाका, आणि कुणाचा अंत्यविधी चालू असेल तर त्या दिवशी परत फिरायचं हेही अगदी वरच लिहा, खाली लिहिलेलं कुणी वाचत नाही.

पायवाट:
खूप आभार दोघांचे. आज परत जाऊन आलो, फाटकाजवळ वाटेला लागूनच एक थडगं आहे, साल लांबूनही स्पष्ट वाचता येतं. तिथली देखभाल करणारे काका भेटले, म्हणाले दोन दिवसांनी या, विचारून सांगतो. तोवर काही लावत नाही.